जनुक काढले, आणि दात उगवलेच नाहीत!

एखादी व्यक्ती नेमके काय काम करते हे ओळखायचे असेल, तर ती नसताना काय अडते ते पाहावे. शाळेतले शिपाईमामा रजेवर गेले की घंटा कोण वाजवत होते, फळा कोण पुसत होते, हे सगळ्यांच्या ध्यानात येते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जीवशास्त्रज्ञांनी हीच युक्ती प्रथिनांच्या बाबतीत वापरली. उंदराच्या शरीरातून एखादे प्रथिन बनवणारे जनुकच काढून टाकायचे आणि त्या उंदराचे काय अडते ते पाहायचे.

युक्ती ऐकायला सोपी आहे. पण तिचे उत्तर नेहमी सरळ मिळत नाही. ते कसे, हे 'सार्क' नावाच्या एका प्रथिनाच्या इतिहासातून चांगले समजते. हा इतिहास सुरू होतो एका कोंबडीपासून आणि उंदरांच्या दातांपाशी येऊन पोचतो.

कोंबडीची गाठ

१९०९ साली एक कोंबडी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आणली गेली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. पेटन राऊस या तरुण शास्त्रज्ञाने ती गाठ कापून काढली, वाटली आणि तिचा अर्क अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून पेशी जाऊ शकत नव्हत्या, जीवाणूही जाऊ शकत नव्हते. तरीही हा गाळलेला अर्क दुसऱ्या निरोगी कोंबडीला टोचल्यावर तिलाही तशीच गाठ झाली. म्हणजे गाठ निर्माण करणारी वस्तू जीवाणूपेक्षाही लहान होती. आज आपण तिला विषाणू म्हणतो.

राऊस यांनी हे १९११ साली प्रसिद्ध केले. त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. कोंबड्यांचा आजार माणसाला काय सांगणार, असा सूर होता. पुढे काळ बदलला आणि १९६६ साली राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते!

या विषाणूत फक्त चार जनुके आहेत. त्यांपैकी तीन विषाणूला स्वतःच्या नव्या प्रती तयार करण्यासाठी लागतात. चौथे त्या कामासाठी लागतच नाही. पण ते नसेल तर गाठही होत नाही. अशा गाठीला सार्कोमा म्हणतात, म्हणून या जनुकाचे नाव पडले 'सार्क'.

मग प्रश्न आला, विषाणूला ज्याचा उपयोग नाही ते जनुक त्याच्याकडे आले कुठून? १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायकेल बिशप, हॅरोल्ड वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. ते जनुक निरोगी कोंबडीच्या पेशींतच होते. बदकात होते, इमूतही होते. पुढे ते माणसातही सापडले. म्हणजे विषाणूने ते कधीतरी कोंबडीकडूनच पळवले होते आणि पळवताना थोडे बिघडवलेही होते. कर्करोगाचे मूळ आपल्याच पेशींतल्या नेहमीच्या जनुकांमध्ये असू शकते, हा विचार इथून पक्का झाला. या शोधासाठी बिशप आणि वार्मस यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशींचे निरोप

पण मग निरोगी पेशीत हे सार्क काय करते? कोंबडीने, माणसाने ते लाखो वर्षे जपून ठेवले ते काही कर्करोग व्हावा म्हणून नव्हे.

आपल्या शरीरातली कोणतीही पेशी एकटी नसते. शेजारच्या पेशी, रक्तातून येणारी संप्रेरके, ज्या पृष्ठभागाला ती चिकटली आहे तो पृष्ठभाग, या सगळ्यांकडून तिला सतत निरोप येत असतात. वाढ, थांब, सरक, चिकटून राहा, मर! निरोप पेशीच्या बाहेरच्या पटलावर येतो, पण अंमलबजावणी आत व्हायची असते. हा निरोप आत नेण्याचे काम प्रथिनांची एक साखळी करते. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. जागे करण्याची एक नेहमीची पद्धत म्हणजे पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक गट चिकटवणे. फॉस्फेट लागला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ते कामाला लागते. फॉस्फेट काढला की ते पुन्हा शांत होते. हे चिकटवण्याचे काम करणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात.

सार्क हे असेच एक कायनेज आहे, असे १९७८ साली रेमंड एरिक्सन आणि मार्क कॉलेट यांनी दाखवले. सार्क फॉस्फेट नेमका कोणत्या अमिनो आम्लावर चिकटवते, हे मात्र थोड्या योगायोगाने कळले. तोपर्यंत पेशीत फॉस्फेट सेरीन आणि थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर लागतो एवढेच माहीत होते. १९७९ साली कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर एका दुसऱ्या विषाणूच्या प्रथिनावर प्रयोग करत होते. त्यांनी वापरलेले द्रावण जुने होते आणि त्याची आम्लता बदललेली होती. त्यामुळे नेहमी एकत्र राहणारे दोन डाग वेगळे झाले आणि एक नवाच डाग दिसला. तो फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनचा होता. लवकरच सार्कही हेच करते हे सिद्ध झाले. निरोगी पेशीतल्या प्रथिनांवरच्या हजार फॉस्फेटांत टायरोसिनवरचा एखादासुद्धा सापडत नाही, इतका तो दुर्मीळ. म्हणून तर तो इतकी वर्षे नजरेतून सुटला होता.

निरोगी सार्क बहुतेक वेळ स्वतःची शेपटी दुमडून गप्प बसलेले असते. निरोप आला तरच ते उलगडते. विषाणूने पळवलेल्या सार्कची ही शेपटीच तुटलेली आहे. त्यामुळे ते कधी गप्प बसत नाही आणि पेशीला 'वाढ' असा निरोप अखंड मिळत राहतो.

१९८० च्या दशकात सार्कविषयी इतके कळले होते. ते जवळजवळ प्रत्येक पेशीत थोडेफार असते, आणि चेतापेशींत व रक्तपट्टिकांत तर भरपूर असते, हेही माहीत होते. साहजिकच असे वाटत होते की सार्कशिवाय मेंदू चालणार नाही आणि रक्तपट्टिकाही कामाच्या राहणार नाहीत. खात्री करायची तर सार्क नसलेला प्राणी हवा होता.

जनुक काढायचे कसे?

इथे तीन वेगवेगळ्या वाटा एकत्र आल्या.

पहिली वाट इंग्लंडमधली. १९८१ साली केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणातून पेशी काढून त्या काचेच्या बशीत वाढवल्या. त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनीही ते स्वतंत्रपणे साधले. या भ्रूणीय मूलपेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी तयार होऊ शकते.

दुसरी आणि तिसरी वाट अमेरिकेतली. ऑलिव्हर स्मिथीज आणि मारिओ कापेकी हे दोघे स्वतंत्रपणे एकाच गोष्टीचा पाठपुरावा करत होते. पेशीत बाहेरून डीएनएचा तुकडा सोडला तर तो बहुधा गुणसूत्रात कुठेतरी भलतीकडेच जाऊन बसतो. पण त्या तुकड्यातला मजकूर पेशीतल्या एखाद्या जनुकाशी जुळत असेल, तर क्वचित तो नेमका त्या जनुकाच्या जागी बसतो. एखाद्या वहीतले पान काढून तिथे जवळजवळ तसेच दुसरे पान शिवावे, तसे. हे क्वचित म्हणजे किती? हजारात एखाद्या वेळी. कापेकी यांनी १९८० साली यासाठी सरकारी अनुदान मागितले, तेव्हा ही कल्पना जमण्यासारखी नाही असे परीक्षकांनी कळवले. कापेकी यांनी दुसऱ्या कामासाठी मिळालेला पैसा इकडे वळवला. १९८५ साली स्मिथीज यांनी माणसाच्या पेशीत हे जमते असे दाखवले, आणि १९८७ साली दोघांच्याही गटांनी ते उंदराच्या मूलपेशींत करून दाखवले.

आता पद्धत अशी. ज्या जनुकाला गप्प करायचे त्याची एक प्रत तयार करायची. तिचे दोन्ही टोकांचे मजकूर तसेच ठेवायचे, मधला भाग मात्र मोडायचा आणि तिथे एका विषारी औषधापासून पेशीला वाचवणारे जनुक घालायचे. ही मोडकी प्रत मूलपेशींत सोडायची आणि मग ते औषध घालायचे. ज्यांनी प्रत स्वीकारली नाही त्या पेशी मरतात. उरलेल्यांतून योग्य जागी प्रत बसलेल्या पेशी तपासून वेगळ्या काढायच्या. या पेशी तपकिरी उंदराच्या असतील तर त्या काळ्या उंदराच्या कोवळ्या भ्रूणात टोचायच्या आणि तो भ्रूण उंदरीच्या गर्भाशयात ठेवायचा. जन्मणारे पिल्लू गोधडीसारखे ठिगळाठिगळांचे असते, काही भाग काळा तर काही तपकिरी. त्याच्या जननपेशींपैकी काही तपकिरी वंशाच्या असतील, तर मोडके जनुक पुढच्या पिढीत जाते.

इथून पुढचे गणित आपण दहावीच्या वर्गात शिकवतोच. एक चांगली आणि एक मोडकी प्रत असलेले नर-मादी एकत्र आणायचे. मेंडेलच्या नियमानुसार पिल्लांपैकी सरासरी एक चतुर्थांशांत दोन्ही प्रती मोडक्या असतात. हे एक चतुर्थांश हाच एक प्रयोग आहे! जन्मलेल्या पिल्लांत अशी पिल्ले मुळीच सापडली नाहीत, तर ती गर्भातच मेली, म्हणजे ते जनुक जन्माआधीच आवश्यक होते असे समजते.

१९८९ पासून असे उंदीर तयार होऊ लागले. २००७ साली कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सार्क नसलेला उंदीर

फिलिप सोरिआनो, ॲलन ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्कचे जनुक मोडलेले उंदीर तयार केले आणि ते काम १९९१ साली प्रसिद्ध केले. ही पिल्ले गर्भात मेली नाहीत. ती जन्मली. मेंदू ठीकठाक होता. रक्तपट्टिकाही ठीक दिसत होत्या. ऐंशी वर्षे ज्याचा अभ्यास झाला, ते जनुक नसून काही बिघडलेच नाही की काय?

बिघडले होते. उंदराच्या पिल्लाचे पटाशीचे दात जन्मानंतर थोड्या दिवसांत हिरडीबाहेर येतात. या पिल्लांचे दात आलेच नाहीत. बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत मेली. हाडे तपासली तर ती आतून भरीव, दाट झालेली होती. अस्थिमज्जेसाठी असलेली पोकळी हाडानेच भरत चालली होती.

दात आणि हाड यांचा इथे काय संबंध, असा प्रश्न मुले विचारतील. हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. त्याची सतत दुरुस्ती चालू असते. ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी हाड बांधतात आणि ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी ते विरघळवतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. दात जबड्याच्या हाडात तयार होतो. त्याला बाहेर यायचे तर वरचे हाड विरघळवून वाट करावी लागते. वाट करणारे नसतील तर दात तयार होऊनही आत अडकून राहतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा दुधाचा दात पडला तर तो जरूर पाहा. त्याला मूळ जवळजवळ नसते. तेही अशाच विरघळवणाऱ्या पेशींनी खाल्लेले असते.

मग या उंदरांत ऑस्टिओक्लास्ट नव्हत्या का? १९९२ मध्ये असे दिसले की त्या होत्या, आणि नेहमीपेक्षा जास्तच होत्या. पण त्या काम करत नव्हत्या. निरोगी ऑस्टिओक्लास्ट हाडाला घट्ट चिकटते, आणि चिकटलेल्या बाजूला तिच्या पटलाला झालरीसारख्या असंख्य चुण्या पडतात. या झालरीतून ती हाडावर आम्ल आणि विकरे सोडते. सार्क नसलेल्या ऑस्टिओक्लास्टला ही झालर तयार करताच येत नव्हती. 'हाडाला चिकटलीस, आता कामाला लाग' हा निरोप आत पोचत नव्हता. १९९३ साली आणखी एक शंका मिटली. दोष या पेशींच्या आतलाच होता, त्यांना वाढवणाऱ्या शेजारच्या पेशींचा नव्हता.

कोंबडीच्या गाठीत सापडलेल्या प्रथिनाचा हाडांशी असा संबंध असेल, असे कोणाच्याही स्वप्नात नव्हते. बशीतल्या पेशींवर कितीही प्रयोग केले असते तरी हे कळले नसते, कारण बशीत ना जबडा असतो ना दात. त्यासाठी अख्खा प्राणीच लागला.

बदली शिक्षक

पण मेंदूचे काय? तिथे सार्क भरपूर असते, आणि ते नसूनही मेंदू ठीक राहिला. मग तिथे ते निरुपयोगी म्हणायचे का?

इथे पुन्हा शाळेत येऊ. मराठीच्या बाई रजेवर गेल्या आणि त्यांचा तास इतिहासाच्या सरांनी घेतला. वर्ग शांत राहिला, मुख्याध्यापकांना काही जाणवलेही नाही. यावरून बाईंना शाळेत काही काम नव्हते असा निष्कर्ष कोणी काढेल का? बदली कोणी केली, हे आधी पाहायला हवे.

सार्कला भावंडे आहेत. त्याच्यासारखी रचना असलेली आणखी अनेक कायनेज पेशीत असतात. त्यांतली 'फिन' आणि 'येस' ही दोन त्याच्या सर्वांत जवळची. फिन नसलेले उंदीर जगले, पण १९९२ साली असे आढळले की त्यांना पाण्यात बुडलेल्या चौथऱ्याची जागा लक्षात ठेवणे अवघड जात होते. येस नसलेल्या उंदरांत तर वरवर काहीच दोष दिसला नाही.

१९९४ साली सोरिआनो यांच्या गटाने दोन-दोन जनुके एकदम काढली. सार्क आणि फिन दोन्ही नसलेली, तसेच सार्क आणि येस दोन्ही नसलेली बहुतेक पिल्ले जन्माच्या सुमारासच मेली. फिन आणि येस नसलेली बरीचशी जगली, पण पुढे त्यांची मूत्रपिंडे बिघडली. १९९९ साली तिन्ही एकदम काढली. उंदराचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा असतो. हे गर्भ अर्ध्या वाटेपर्यंतच, साडेनऊ दिवसांच्या आसपास, पोचले.

म्हणजे एकटे सार्क गेले तर भावंडे बहुतेक ठिकाणी त्याची बदली करतात. तिघेही गेले तर प्राणीच उभा राहत नाही. येसचा दोष दिसला नाही म्हणून त्याला काम नाही असे नव्हते. त्याचे काम दुसऱ्यांनी झाकले होते. फक्त ऑस्टिओक्लास्टमध्ये सार्कच्या जागी दुसऱ्या कोणाला ते काम नीट जमले नाही, म्हणून तिथे त्याची अनुपस्थिती उघडी पडली. जनुक काढल्यावर जे दिसते, ते त्या जनुकाचे संपूर्ण काम नसते. इतरांना भरून काढता आले नाही एवढेच काम दिसते.

आणखी एक धडा १९९७ साली मिळाला. सार्क नसलेल्या उंदरांत असे सार्क घातले गेले की ज्याची फॉस्फेट चिकटवण्याची क्षमताच नष्ट केली होती. कायनेज म्हणून ते निकामी होते. तरीही या उंदरांची हाडे बऱ्याच अंशी सुधारली. म्हणजे सार्क फॉस्फेट तर चिकटवतेच, पण त्याखेरीज इतर प्रथिनांना धरून योग्य जागी जमवण्याचेही काम करते. प्रथिन काढून टाकणे आणि प्रथिनाचे एकच काम बंद पाडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

उंदरापासून माणसापर्यंत

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आपण विसरू नये. पण उंदराने केलेली खूण पुढे माणसात सापडली. २०१६ साली एका कुटुंबाच्या जनुकीय तपासणीत सार्कच्या जनुकात असा बदल आढळला की ज्यामुळे ते सतत जागे राहत होते. या लोकांत रक्तपट्टिका कमी होत्या, रक्तस्रावाचा त्रास होता, हाडे ठिसूळ होती आणि दात लवकर पडले होते. सार्क नसलेल्या उंदराची हाडे दाट आणि दात आत अडकलेले. सार्क अति झालेल्या माणसाची हाडे विरळ आणि दात गळालेले. नाण्याच्या दोन बाजूच! रक्तपट्टिकांच्या बाबतीत १९९१ च्या उंदराने जे सांगितले नव्हते, तेही इथे उघड झाले.

दरम्यान टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनांना रोखणारी औषधे आली. त्यांपैकी डासाटिनिब हे सार्क आणि त्याच्या नात्यातले एबल या दोघांनाही रोखते. २००६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याला परवानगी मिळाली. तिथे त्याचे मुख्य लक्ष्य बिघडलेले एबल हे आहे.

उंदीर तयार करण्याची पद्धतही बदलली आहे. १९९४ साली शरीराच्या फक्त एकाच प्रकारच्या पेशीतून जनुक काढणे जमले, आणि २०१३ पासून क्रिस्पर तंत्राने पूर्वी वर्ष-दोन वर्षे लागणारे काम काही आठवड्यांवर आले. जितके सोपे, तितके उंदीर अधिक. म्हणून इथे एक प्रश्न टाळता येत नाही. दात न उगवलेले ते पिल्लू खाऊ शकत नव्हते. त्याला मऊ खाणे देऊन वाचवता येते हे लक्षात आल्यावर प्रयोगशाळांतून तसे केले जाऊ लागले. प्राण्यांऐवजी दुसरे काही वापरता येते का, कमीत कमी प्राण्यांत भागते का, त्यांचा त्रास कमी करता येतो का, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच मांडले होते. आमच्या मते हे प्रश्न प्रयोगाच्या शेवटी विचारायचे नसतात. ते त्याच्या आखणीतच यायला हवेत.

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर सार्कचे नावही सांगण्याची गरज नाही. मुलांना एवढेच विचारावे: सायकलचा एक भाग काढला आणि सायकल तरीही चालली, तर तो भाग निरुपयोगी होता का? कोणी म्हणेल 'हो'. मग एक ब्रेक काढून पाहायला सांगावे, अर्थात सपाट मैदानावर. सायकल चालते, थांबतेही, कारण दुसरा ब्रेक आहे. मग विचारावे की दोन्ही काढले तर? आणि उतार लागला तर? एवढी चर्चा झाली की 'काही बिघडले नाही' आणि 'काही काम नव्हते' या दोन वाक्यांतले अंतर मुलांना आपोआप कळते. ते कळायला शास्त्रज्ञांनाही उंदरांच्या कित्येक पिढ्या लागल्या.